अमूर्ताचा देव्हारा : चित्रकाराची प्रेरणा आणि समीक्षेची पळवाट

मराठीत अमूर्त चित्रकारावर लिहिलेला लेख पहिल्या दोन परिच्छेदांवरून ओळखता येतो. पहिल्या परिच्छेदात चित्रकार एकटा राहतो, कमी बोलतो, मोजकीच चित्रे काढतो आणि कीर्तीकडे पाठ फिरवतो. दुसऱ्या परिच्छेदात एखादा सत्पुरुष अथवा एखादे पौर्वात्य दर्शन त्याच्या आयुष्यात प्रवेश करते. त्यानंतर 'मौन', 'शून्य', 'निराकार', 'अंतःप्रवास' हे शब्द एकमेकांचा हात धरून चालू लागतात, आणि लेख संपतो तेव्हा चित्रकाराला साष्टांग नमस्कार घालून झालेला असतो. या सोहळ्यात चित्र कोठे होते, असा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. प्रस्तुत लेखकाला तो असभ्यपणा करायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : अमूर्त चित्रकाराच्या प्रेरणेविषयी आपण जे लिहितो, ते बहुतांशी त्याच्या निर्मितिप्रक्रियेविषयी काहीच न लिहिण्याची सोय असते. प्रेरणा चित्राच्या आधी घडलेली असते, ती पडताळून पाहता येत नाही, म्हणून तिच्याविषयी काहीही लिहिता येते. प्रक्रिया चित्रात उरलेली असते, ती डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याविषयी चुकीचे लिहिले तर चूक पकडली जाते. आपली समीक्षा पहिलीकडे वळते याचे कारण तिची आध्यात्मिक ओढ नव्हे. चूक पकडली जाऊ नये, एवढीच तिची काळजी आहे.

हा वाद सुचला तो एका लघुप्रबंधामुळे. उपनगरातल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला सौंदर्यशास्त्र शिकवत असताना एका विद्यार्थिनीने वासुदेव गायतोंडे यांच्यावर चाळीस पाने लिहून आणली. भाषा नेटकी होती, अवतरणे जागच्या जागी होती. चाळीस पानांत रंगाचा उल्लेख दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा तो 'अथांग' होता. मी विचारले, "चित्र पाहिलेत का तुम्ही?" ती म्हणाली, "नाही सर. पुस्तकात पाहिली आहेत. मोबाइलवरही पाहिली आहेत." तिला दोष देता येईना. मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने जवळजवळ तासभर जातो, पुढे चालायचे, आणि जायचे ते गायतोंड्यांचे चित्र तेथे लावलेले असेलच अशी खात्री नसताना. जहांगीर कलादालन (१९५२), राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (मुंबईत १९९६पासून) आणि जहांगीर निकल्सन यांचा संग्रह सांभाळणारे वस्तुसंग्रहालय ही सारी काळ्या घोड्याच्या आसपास, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींवरही गायतोंडे आहेत, पण ती संस्था कुलाब्याच्या टोकाला आहे, आणि ती काही कलादालन नव्हे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत चित्र पोचत नाही. आख्यायिका मात्र छापील पानाने, झेरॉक्सने, व्याख्यानाने कोठेही पोचते. आपल्या समीक्षेने या अंतराची भरपाई करायला हवी होती. तिने तर अंतरालाच सिद्धान्त केले.

या सिद्धान्ताची सुरुवात शब्दापासून होते. 'अमूर्त' हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्याने केलेला घोटाळा लक्षात येत नाही. ज्याला मूर्ती नाही ते अमूर्त. पण चित्राला लांबी-रुंदी असते, वजन असते, कडा असतात, त्यावर धूळ बसते. ते मूर्तच असते. त्यात ओळखू येणारी वस्तू नसते, इतकेच. गायतोंड्यांना आपल्या चित्रांसाठी 'ॲब्स्ट्रॅक्ट' हे विशेषण मान्य नव्हते. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द पसंत करत. मराठीत त्याला 'वस्तुनिरपेक्ष' म्हणता येईल. हा फरक शब्दच्छलाचा नाही. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द चित्रात काय नाही ते सांगून थांबतो आणि काय आहे ते पाहण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकतो. 'अमूर्त' हा शब्द थांबत नाही. मराठी कानाला तो लगेच 'निर्गुण', 'निराकार' यांच्या पंगतीत नेऊन बसवतो आणि सातशे वर्षांची संतपरंपरा त्या बिचाऱ्या कॅनव्हासच्या पाठीशी उभी करतो. त्यात संतांवरही अन्याय होतो. आपल्या संतांनी निर्गुणाची गोष्ट सांगितली ती जाते, माग, शेत, मडके अशा सगुण वस्तूंच्या भाषेत. निर्गुणाचे नाव घेऊन हातातल्या वस्तूकडे पाहायचेच नाही, ही युक्ती त्यांची नव्हे, आपली आहे.

आता गायतोंडे यांच्याकडेच पाहू. १९२४ साली नागपुरात जन्म, १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेची पदविका, आरंभीच्या काळात पॉल क्लेचा प्रभाव, वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधील स्टुडिओ, १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७२पासून दिल्ली, १९८४ मधला अपघात, २००१ मध्ये निधन. हे सारे सर्वश्रुत आहे. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज ही नावेही लेखालेखांतून फिरत राहतात. त्यांची पद्धतही तितकीच परिचित आहे, पण ती फिरत नाही. टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग पसरायचा. तो रोलरने किंवा पॅलेट नाइफने ओढायचा, काही ठिकाणी काढून टाकायचा. छापील कागद फाडून त्याच्या तुकड्यांनी रंग लावायचा अथवा उचलायचा. थर वाळू द्यायचा आणि त्यावर पुन्हा काम करायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा कॅनव्हास उभा झाला आणि उभाच राहिला.

या मोजक्या तपशिलांत विचार करण्याजोगे किती आहे ते पाहावे. फाडलेला कागद ओल्या रंगावरून उचलला, की खाली काय उरेल याची पूर्ण खात्री आधी कोणालाच देता येत नाही. म्हणजे चित्रकार येथे आधी मनात पूर्ण झालेली प्रतिमा कॅनव्हासवर उतरवत नाही. तो एक घटना घडवतो, ती पाहतो, आणि मग ती ठेवायची की पुसायची हे ठरवतो. निर्मितीचा गाभा या स्वीकार-नकारात आहे. गायतोंड्यांच्या चित्रांतल्या तरंगत्या आकारांना आपण 'गूढ लिपी' म्हणतो. त्यांतल्या अनेक आकारांची कड हाताने काढलेल्या रेषेची नाही, ती फाटलेल्या कागदाची आहे. कोणताही हात जाणूनबुजून अशी कड काढणार नाही, म्हणूनच ती आपल्याला कोणी न लिहिलेल्या लिपीसारखी भासते. गूढतेची जाणीव खरी आहे. तिचा उगम मात्र हिमालयात शोधण्याची गरज नाही. तो एखाद्या मासिकाच्या पानात सापडतो. असे म्हटल्याने चित्र लहान होत नाही. रद्दीच्या कागदातून ही जाणीव निर्माण करता येते, हे अधिक आश्चर्यकारक आहे.

१९८४ च्या अपघाताचे आपण काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यानंतर अनेक वर्षे मोठ्या कॅनव्हासवर काम करणे त्यांना शक्य झाले नाही. ते कागदावर शाईने लहान कामे करीत राहिले. आपल्या लेखांत या काळाचे वर्णन 'मौनपर्व' म्हणून येते. एका माणसाच्या दुखावलेल्या शरीराचे आपण वैराग्यात रूपांतर केले, आणि या वर्षांत त्याने कागदावर जे प्रत्यक्ष केले ते दुय्यम ठरवले. भक्ती इतकी निष्ठुर असू शकते.

येथे एक तर्काचा मुद्दा आहे. रमण महर्षींचे साहित्य हजारोंनी वाचले. निसर्गदत्त महाराजांच्या खेतवाडीतल्या घरी देशोदेशीची माणसे येऊन बसत. झेनवरची पुस्तके तर एका पिढीच्या प्रत्येक सुशिक्षित घरात होती. या सगळ्यांतून गायतोंड्यांची चित्रे एकट्या गायतोंड्यांनीच काढली. जे कारण हजारांना समान आहे, ते एकाच्या कार्याचे विशेष स्पष्टीकरण होऊ शकत नाही. प्रेरणा असते, हे मी नाकारत नाही. समान प्रेरणेतून भिन्न चित्रे का होतात, हा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रेरणेकडे नसते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळणे योग्य नाही. चित्रकार स्वतःच मौनाविषयी, झेनविषयी बोलला असेल, तर तुम्ही त्याचे म्हणणे खोटे ठरवणार काय? विमसॅट आणि बियर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कर्त्याचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, असे सांगितले. तेवढ्यावर विसंबून हा आक्षेप मला झटकता येईल. पण मला तसे करायचे नाही. चित्रकाराची साक्ष ही साक्षच असते. ती ऐकावी, नोंदवावी. फक्त तिला निकालपत्र समजू नये. आणि ती ऐकायची तर नीट ऐकावी. झेन ही आचाराची, रियाजाची, एकच कृती पुनःपुन्हा करण्याची शिस्त आहे. जो चित्रकार झेनचे नाव घेतो, तो आपण रोज काय करतो याकडे बोट दाखवत असतो. आपण ते बोट सोडून त्याच्या चेहऱ्याभोवतीचे तेजोवलय रंगवत बसतो. गुगनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे जे प्रदर्शन भरवले, त्याच्या शीर्षकात चित्रकला 'प्रक्रिया' म्हणून आधी आली होती आणि 'जीवन' म्हणून नंतर. मराठी लेखांत यांतला दुसराच शब्द उतरला. सतीश नाईक यांनी संपादित केलेल्या 'गायतोंडे' (२०१६) या मराठी ग्रंथाने आठवणींचे मोलाचे साहित्य जमवले आहे. पण आठवणी हे समीक्षेचे साधन आहे. ते साध्याच्या जागी बसवले, तर दोष ग्रंथाचा नाही, आपल्या वाचनाचा आहे.

हे सगळे मराठी समीक्षेला नवे नाही, हेच खरे दुःख आहे. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे संवेदनांच्या परस्परसंबंधांकडे पाहायला सांगितले, तेव्हा कलावंताच्या चरित्रातून कलाकृतीकडे वळण्याचा रस्ता मोकळा झाला होता. वस्तुनिरपेक्ष चित्राइतके मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला सोयीचे उदाहरण दुसरे नाही. त्यात संबंधांखेरीज दुसरे असते तरी काय? रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांची मांडणी करून हा सारा प्रदेश नांगरून ठेवला. इतक्या मशागतीनंतर आपण पेरले काय, तर आख्यायिका. आख्यायिका या दोहोंपैकी कोणत्याही ध्रुवाशी प्रामाणिक नाही. ती अलौकिकाची भाषा बोलते आणि लौकिक कुतूहल भागवते : तो कोठे राहत होता, काय खात होता, कोणाशी बोलत नव्हता.

मात्र मर्ढेकरांकडे परत जाणे पुरेसे नाही. त्यांच्या विवेचनात चित्र पूर्ण झालेले, सर्व संबंध एकाच क्षणी समोर असलेले असते. काळाला तेथे जागा नाही. थरांनी घडलेल्या चित्रात काळ हाच एक घटक असतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा; मध्ये दिवस गेलेले असतात; जेथे वरचा रंग खरवडला आहे तेथे आधीचा काळ पुन्हा वर आलेला असतो. म्हणून केवळ रंगांचा संवाद-विरोध टिपून भागत नाही, निर्णयांचा क्रम वाचावा लागतो. रूपवादाला प्रक्रियेचा काळ जोडणे, एवढीच माझी सैद्धान्तिक मागणी आहे.

ही मागणी अवास्तव नाही, याचा पुरावा आपल्याच भाषेत आहे. प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. बरवे रूढ अर्थाने अमूर्त चित्रकार नव्हेत; त्यांच्या चित्रांत पान असते, घड्याळ असते. पण वस्तू तिच्या नेहमीच्या संदर्भातून सुटून अवकाशात आली, की तिचे काय होते, या प्रश्नावर ते जितके थांबले तितके आपले कितीतरी 'अमूर्त'वादी थांबलेले नाहीत. कोऱ्या पृष्ठासमोरची चित्रकाराची अवस्था, वस्तू आणि आकार, आकार आणि अवकाश यांविषयी ते मराठी गद्यात लिहितात आणि ते लिहिताना स्वतःला ऋषी म्हणवून घेत नाहीत. हा माणूस १९६१ ते १९८२ अशी दोन दशके विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता. कापडावरच्या आकृतिबंधात मोकळी जागा किती सोडायची, हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग होता. त्याच्या चित्रांतल्या अवकाशाचे मूळ शोधताना आपण वाराणसी आणि तंत्र यांच्याकडे धावतो. कार्यालयातल्या त्या टेबलाकडे कोणी जात नाही. वाराणसीतल्या वास्तव्यानंतर तंत्रप्रतीके बरव्यांच्या चित्रांत आली हे खरे, पण पुढे ती मागे पडली. प्रेरणा ओसरली आणि चित्र चालूच राहिले. ते कशावर चालू राहिले? त्यांनी वापरलेल्या इनॅमल रंगाचा विचार कोणी करील काय? इनॅमल पसरतो आणि आपला आपण सपाट होतो, कुंचल्याचा फटकारा तो गिळून टाकतो. बरव्यांच्या वस्तू कोणाचा हात न लागल्यासारख्या, अलिप्त भासतात, त्यात या रंगाचा वाटा केवढा? २०१९ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मुंबईत भरले, तेव्हा हे प्रश्न विचारण्याची संधी होती. गाजला तो उद्घाटनाच्या भाषणात आलेला व्यत्यय. तो निषेधार्ह होताच. पण चर्चा त्यापलीकडे, भिंतीवरच्या चित्रांपर्यंत क्वचितच गेली.

प्रक्रियेकडे पाहू लागलो की चित्रकाराची राहती जागाही समीक्षेत येते, आणि येथे उपनगराचा प्रश्न केवळ प्रेक्षकाचा राहत नाही. घाटकोपर किंवा बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात चित्र काढणाऱ्याचा कॅनव्हास भिंतीएवढा नसतो. तो कपाट आणि दार यांच्यामध्ये मावेल एवढा असतो. चित्र लिफ्टमध्ये शिरेल का, लगेजच्या डब्यातून नेता येईल का, हे त्याला माप ठरवतानाच पाहावे लागते. टर्पेंटाइनचा वास मुलांच्या अभ्यासाच्या वेळी चालत नाही. पावसाळ्यात दमट हवेत तैलरंग वाळता वाळत नाही, म्हणून पुढचा थर देण्यापूर्वी थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात चित्राकडे पाहत राहण्यावाचून दुसरे काम नसते. 'प्रतीक्षा' हा आपल्या कलासमीक्षेतला अत्यंत आवडता शब्द आहे. ती प्रतीक्षा प्रथम रंग वाळण्याची असते, मग तिला काय अर्थ द्यायचा तो द्यावा. तीत अध्यात्म नसतेच असे मी म्हणत नाही. ते रंगाच्या वाळण्यातून येते, त्याला वळसा घालून येत नाही, एवढेच म्हणतो.

देव्हाऱ्याचा लाभ कोणाला होतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले, आणि नंतर आकडे वाढतच राहिले. पैशाकडे न पाहणाऱ्या माणसाची आख्यायिका बाजाराला फार उपयोगी पडते. विरक्तीइतकी किंमत दुसऱ्या कशालाच येत नाही. लिलावाची पुस्तिका आणि आपले भक्तिपर लेख यांतले शब्द तपासून पाहावेत : मौन, ध्यान, अथांग, कालातीत. बाजाराला ही भाषा का हवी, हे समजते. समीक्षेला ती का हवी? बाजाराचे काम फुकटात करून देणारी समीक्षा स्वतःला निःस्वार्थ म्हणवते, हा विनोद आता पुरे झाला.

हा प्रश्न चित्रकलेपुरता आहे असे साहित्याच्या अभ्यासकांनी समजू नये. कवीच्या दुःखातून कविता 'स्फुरली' असे लिहून ओळीतल्या शब्दाकडे न पाहणारी समीक्षा याच कुळातली आहे. कवितेत निदान शब्द उद्धृत करावे लागतात, त्यामुळे लबाडी काही प्रमाणात उघडी पडते. चित्र उद्धृत करता येत नाही, म्हणून तेथे ती बेमालूम खपते. वस्तुनिरपेक्ष चित्र ही या अर्थाने समीक्षेची परीक्षा आहे : कथा नाही, पात्र नाही, विषय नाही, आता बोला.

त्या विद्यार्थिनीला मी लघुप्रबंध परत दिला आणि एक गायतोंडे प्रत्यक्ष पाहून या, असे सांगितले. फोर्टातल्या एका प्रदर्शनात तिला तो सापडला. पुढच्या आठवड्यात ती एकच पान घेऊन आली. त्या पानात 'अथांग' नव्हता. चित्राच्या डाव्या अंगाला असलेल्या एका पट्टीविषयी तिने लिहिले होते, आणि लिहिताना ती अडली होती. "सर, तिथे खालचा रंग वर येऊ दिलाय की वरचा नंतर काढलाय, तेच ठरत नाही. दोन्ही बाजूंनी उभी राहून पाहिलं." मी म्हणालो, हेच लिहा.

चाळीस पानांत जी गोष्ट घडली नव्हती ती त्या एका अडखळण्यात घडली होती. आपल्या नियतकालिकांच्या संपादकांना आणि प्रबंधांच्या परीक्षकांना माझी विनंती एवढीच आहे, की चित्रकारावरचा कोणताही लेख हाती आला, तर त्यात लेखक चित्रासमोर कोठे अडला हे प्रथम शोधावे. तो कोठेच अडला नसेल, तर त्याने चित्र पाहिलेले नाही. असा लेख, त्यात कितीही मौन असले तरी, परत पाठवावा.